सोयीनुसार सरकणारे अभयारण्य

वाराणसीत रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे गंगेचे सात किलोमीटरचे पात्र १९८९ मध्ये कासवांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. गंगा कृती योजनेचे ते दिवस होते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरून प्रवाहात जाणारे अर्धदग्ध अवशेष मांसाहारी कासवांनी संपवावेत, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी चंबळ आणि यमुनेच्या काठची अंडी सारनाथच्या केंद्रात आणून उबवली जात आणि वाढलेली पिल्ले नदीत सोडली जात. २०२० मध्ये उत्तर प्रदेश शासनाने हे अभयारण्य रद्द केले आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांतील ३० किलोमीटरचा टप्पा त्याऐवजी राखीव केला. सात गेले, तीस आले. कागदावर हा व्यवहार नफ्याचाच दिसतो.

रद्द करण्याच्या बाजूचे युक्तिवाद उडवून लावण्याजोगे नाहीत. अभयारण्यात वाळूउपशाला बंदी होती. त्यामुळे पूर्वतीरावर वाळू साचते, प्रवाह घाटांकडे रेटला जातो आणि त्यांचा पाया खचतो, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे होते. यांपैकी अनेक घाट अठराव्या शतकात मराठा सरदारांनी बांधले वा जीर्णोद्धारित केले. महाराष्ट्राला त्यांची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. या टप्प्यावर माणसाचा ताण अतोनात आहे, असे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानेही नोंदवले होते.

तथापि घटनांचा क्रम बोलका आहे. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग १९८६ मध्ये घोषित झाला होता. रामनगरचे मालवाहतूक टर्मिनल मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाले. मालवाहू जहाजांसाठी पात्र खोल करायचे, तर अभयारण्य अडसर ठरणारच. टर्मिनल आधी उभे राहिले, अभयारण्य नंतर हटले. शिवाय २०२१ मध्ये पूर्वतीरावरील वाळूत खोदलेला कालवा त्याच वर्षीच्या पुराने गिळला. नदीचे गणित आपल्या आराखड्यांहून गुंतागुंतीचे आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

माणसाचा ताण वाढला म्हणून संरक्षण काढायचे, हा न्याय मान्य केला तर शहराजवळचे एकही अभयारण्य टिकणार नाही. संरक्षणाची गरज तिथेच असते, जिथे ताण असतो. म्हणूनच अभयारण्याच्या सीमा बदलण्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आवश्यक असल्याची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. ती केवळ शिक्कामोर्तबाची पायरी ठरू नये.

नदीतील अभयारण्य यशस्वी होऊ शकते, याचे उदाहरण गंगेच्याच खोऱ्यात आहे. तीन राज्यांत पसरलेल्या राष्ट्रीय चंबळ अभयारण्याने १९७९ पासून घडियालांना आणि कासवांना आधार दिला. तेथे लांब, सलग आणि वाहता टप्पा राखला गेला. सात किलोमीटरचा तुकडा अपुरा होता, हे खरे. पण अपुऱ्या संरक्षणावरचा उपाय त्याचा विस्तार हा असतो, उच्चाटन नव्हे. नवा टप्पा जुन्याला जोडता आला असता.

यमुनेची जुनी शिल्पे कासवावर उभी असलेली देवी दाखवतात. आपल्या पूर्वजांनी नदी आणि जलचर यांना वेगळे मानले नव्हते. शासनाने किमान नव्या टप्प्यातील कासवांची गणना दरवर्षी जाहीर करावी. अन्यथा आणखी एखाद्या प्रकल्पासाठी तेही तीस किलोमीटर उद्या सरकतील.