विश्लेषण : लॅपटॉपसमोर बसून मान का दुखते? दोष खुर्चीचा की न हलण्याचा?

संध्याकाळपर्यंत मान अवघडते, खांदे भरून येतात. बाम चोळून रात्र निभावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टेबलावर काम करणाऱ्यांचे हे दुखणे बहुतेक वेळा गंभीर नसते. पण बसण्याची जागा आणि सवय तशीच राहिली, तर नुसत्या गोळीने ते जातही नाही.

मानेवर किती भार पडतो?

माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोंचे. मान सरळ असताना हे वजन मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. डोके पुढे झुकले की मागचे स्नायू ते ओढून धरतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावर हिशेब मांडला. त्यानुसार मान १५ अंश झुकल्यास भार सुमारे १२ किलो आणि ६० अंशांत २७ किलो होतो. समाजमाध्यमांत फिरणारा आकडा तो हाच. तो प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, त्यामुळे किलोंत अडकू नये.

कारण स्नायू केवळ वजनाने नव्हे, न हलण्यानेही थकतात. रिकामा तांब्या हात लांब करून धरला तरी थोड्याच वेळात खांदा भरून येतो. सतत आखडलेल्या स्नायूला पुरेसा रक्तपुरवठा मिळत नाही. नकळत खांदे उचलून टाइप करणाऱ्याचे तेच होते.

लॅपटॉपची अडचण काय?

पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात. हात सोयीचे ठेवले तर मान खाली. रोज तासन्‌तास काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घेणे हाच खरा उपाय. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तके किंवा पाट ठेवला तरी चालतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, कोपर अंगाजवळ.

वाचनाचा भाग खाली असलेला चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. नाहीतर हनुवटी उचलून पाहावे लागते आणि मान मागून दुखते. घरचे जेवणाचे टेबल अनेकदा कामासाठी उंच पडते. तिथे खुर्चीवर उशी घ्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट. फोन कान आणि खांद्यात दाबून टाइप करण्याची सवय मात्र कुठल्याच टेबलावर चालणारी नाही.

महागडी खुर्ची घ्यावी का?

कमरेला आधार देणारी, उंची बदलता येणारी खुर्ची सोयीची. पण अमुकच कोनात बसले की मान दुखणार नाही, याला ठोस पुरावा नाही. ताठ बसूनही तीन तास हलले नाही तर मान धरतेच. अर्ध्या तासाने उठावे, पाणी आणावे, फोन आला की उभे राहून बोलावे.

व्यायामाचा पुरावा मात्र चांगला आहे. डेन्मार्कमध्ये मान-खांदेदुखी असलेल्या १९८ जणांवरील अभ्यास २०११ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात आला. रबरी पट्टा धरून हात बाजूने उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे करून घेतला गेला. रोज दोन मिनिटे करणाऱ्यांचेही दुखणे कमी झाले. दोन मिनिटे कोणालाही काढता येतात.

केस कापताना मान ‘मोडून’ घेणे मात्र टाळावे. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळा असल्या तरी जोखीम कशाला?

डॉक्टरांकडे कधी जावे?

हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, वस्तू हातून निसटणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, मार लागल्यानंतर किंवा तापासोबत मान दुखणे, अशा वेळी थांबू नये. एमआरआय मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये. वयाबरोबर मणक्यांची झीज मान न दुखणाऱ्यांच्या अहवालातही दिसते आणि उगाच धास्ती बसते. घाम, धाप किंवा छातीत दाब यांसह खांदा वा हात दुखू लागला, तर बाम शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.