पाहणारे आणि बदलणारे

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका हुकुमाचे स्मरण, तो ज्यांना उद्देशून होता त्या चित्रपटगृहवाल्यांनाही आज क्वचितच असेल. विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने फर्मावले की, प्रत्येक चित्रपटगृहाने दर खेळाच्या वेळी पर्यावरणविषयक निदान दोन स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात व ही गोष्ट त्याच्या परवान्याची शर्त समजण्यात यावी. आकाशवाणीने आणि दूरदर्शनने रोज पाच ते सात मिनिटे या विषयाला द्यावीत आणि आठवड्यातून एकदा त्याहून दीर्घ कार्यक्रम करावा. आणि शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा. नागरिकांना माहिती नसेल तर नुसत्या कायद्याने काही साधणार नाही, असा एकंदर रोख होता.

या हुकुमामागे जी श्रद्धा आहे ती एकट्या न्यायमूर्तींची नव्हे. शाळामास्तरांपासून जाहिरातदारांपर्यंत ती सर्वांचीच आहे. डोळ्यांना दिसले म्हणजे मनाला पटते, आणि मनाला पटले म्हणजे हातून तसे आचरण घडते, अशी ती श्रद्धा. पर्यावरणाच्या बाबतीत ही साखळी कोठे टिकते आणि कोठे तुटते याचा शोध गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी घेतला आहे, आणि त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडून पाहिले असता जे चित्र उमटते ते मोठे मौजेचे आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक निराळाच विचार पुढे मांडला. अमुक एका कार्यक्रमाने प्रेक्षकावर काय परिणाम केला हा प्रश्नच त्याला गौण वाटे. वर्षानुवर्षे रोज काही तास माणूस ज्या पडद्यासमोर बसतो त्या पडद्यावरील बातम्या, मालिका, जाहिराती आणि खेळ या साऱ्यांतून जगाचे एक सलग चित्र त्याच्या मनात नकळत झिरपत असते, आणि कालांतराने ते चित्रच त्याला जग वाटू लागते, असे त्याचे म्हणणे. गर्बनरने हे मुख्यतः हिंसाचाराच्या संदर्भात तपासले. फार दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षाहून अधिक धोक्याचे वाटते, असे त्याला आढळले. पुढे जेम्स शानहान, मायकेल मॉर्गन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने हीच कसोटी पर्यावरणाला लावली. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वसाधारण लोकमत-पाहणीची माहिती वापरून १९९७ मध्ये त्यांनी जो लेख प्रसिद्ध केला त्याचा निष्कर्ष असा की, जे लोक अधिक वेळ दूरचित्रवाणी पाहतात ते पर्यावरणासाठी झीज सोसायला तुलनेने कमी राजी असतात. हा संबंध फार बळकट नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. शिवाय जो माणूस दिवसाचे पाच तास पडद्यासमोर काढतो त्याचे वय, शिक्षण, उत्पन्न हे सारेच वेगळे असू शकते, तेव्हा दोष पडद्याचा की परिस्थितीचा याचा निवाडा करणे अवघड असते. संशोधक हिशेबात त्याची वजावट करतात खरी, तथापि अशा पाहणीवरून कार्यकारणभाव छातीठोकपणे सांगता येत नाही.

असे का व्हावे, याचे त्यांनी दिलेले उत्तर मात्र विचारात घेण्याजोगे आहे. दूरचित्रवाणी पर्यावरणाच्या विरुद्ध काही बोलते असे नव्हे. ती बहुतेक वेळ त्याविषयी बोलतच नाही. या मौनाचा पुरावा पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत कोणतीही मराठी कौटुंबिक मालिका चार दिवस लक्षपूर्वक पाहावी. त्या घरात स्वयंपाक होतो, पण ओला आणि सुका कचरा कोणी वेगळा करीत नाही. कारण त्या घरात मुळी कचराच होत नाही आणि दाराशी घंटागाडीही येत नाही. नळाला पाणी किती वाजता येते आणि उन्हाळ्यात टँकरसाठी कोणाला फोन करावा लागतो, हा खऱ्या महाराष्ट्रातील घराघरांचा प्रश्न तेथील सासूसुनांच्या भांडणात कधी निघत नाही. दिवाणखान्यातले सगळे दिवे भर दुपारीही लागलेले असतात. सणवार आले की प्रत्येकीच्या अंगावर नवी साडी आणि नवे दागिने दिसतात, आणि मध्येच कथानक थांबवून त्या साडीची, दागिन्यांची, गाडीची व थंड हवेच्या यंत्राची जाहिरात लागते. ही चूक लेखकाची म्हणता येणार नाही. गटार तुंबण्याची गोष्ट रोज रात्री ऐकायला कोण बसेल? परंतु या साऱ्याचा मिळून जो संस्कार होतो तो असा की, सुखी संसार म्हणजे वस्तूंनी भरलेला संसार, आणि त्या वस्तू येतात कोठून व जातात कोठे हा प्रश्न सभ्य घरात विचारावयाचा नसतो. कॅनडातील जेनिफर गुड या संशोधिकेने २००७ मध्ये याच धाग्याचा माग घेतला, आणि अधिक दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांत वस्तुलोभ अधिक, व वस्तुलोभ अधिक तेथे निसर्गाविषयीची आस्था कमी, असा दुवा तिला आढळला.

यावर कोणी म्हणेल की, मग वन्यजीवनाचे कार्यक्रम पाहावेत, बातम्या पाहाव्यात. हेही तपासले गेले आहे. २००३ मध्ये होल्बर्ट, क्वाक आणि शाह या तिघा अमेरिकी संशोधकांनी दाखवले की, बातम्या आणि निसर्गपट पाहणारे लोक पर्यावरणाला अनुकूल असे वर्तन अधिक करतात. करमणुकीच्या कार्यक्रमांचा तसा परिणाम दिसत नाही. पण त्यांच्या मांडणीत ओढ आधी आहे आणि पाहणे नंतर: ज्याला निसर्गाची चिंता आहे तोच असे कार्यक्रम लावतो आणि त्यातून त्याची आधीची वृत्ती पुष्ट होऊन आचरणापर्यंत पोहोचते. कीर्तनाला येऊन बसतात ते बहुधा आधीपासूनचेच भाविक. ज्याला वाघाशी कर्तव्य नाही तो वाघाचा कार्यक्रम लागताच वाहिनी बदलतो, आणि आज तर बदलण्यासाठी शेकडो वाहिन्या आहेत.

मात्र एखादा निसर्गपट असा निघतो की, ज्यांना कर्तव्य नाही तेही तो पाहतात. बीबीसीने २०१७ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये प्रक्षेपित केलेली, डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनाची ‘ब्लू प्लॅनेट २’ ही सागरी जीवनावरील मालिका त्यांपैकी होय. तिचा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. अखेरच्या भागात दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावरील अल्बट्रॉस पक्ष्यांची घरटी दाखवली आहेत. आईबाप आठवडेच्या आठवडे समुद्रावर हिंडून पिलासाठी अन्न आणतात आणि त्याच्या चोचीत ओततात. त्या अन्नाबरोबर पृष्ठभागावर तरंगणारे प्लास्टिकही येते. तेथील संशोधिका एका मेलेल्या पिलाविषयी सांगते, तेव्हा त्याचे पोट भोकसणारी वस्तू म्हणजे जेवणानंतर दात कोरण्याची एक प्लास्टिकची काडी होती असे कळते. व्याख्यानाने जे साधले नसते ते त्या काडीने साधले, असे पुष्कळांनी लिहिले. ब्रिटनचे तत्कालीन पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनीही त्या मालिकेतील दृश्ये आपली पाठ सोडीत नाहीत अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे वृत्त आले.

आणि येथेच आपल्या साखळीची खरी परीक्षा झाली. मटिल्डा डन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला या मालिकेचा भाग दाखवला, दुसऱ्याला दाखवला नाही, आणि पुढे दोन्ही गटांची वस्तूंची निवड तपासली. पाहणाऱ्यांचे ज्ञान वाढले होते. प्लास्टिकची त्यांची निवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे डोळ्यांना दिसले, मनालाही बहुधा पटले, आणि हात पूर्वीसारखेच वागले.

तरीही १ ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमध्ये प्लास्टिकच्या पेयनळ्या, ढवळण्याच्या काड्या आणि कान कोरण्याच्या प्लास्टिक-काड्या पुरवण्यास कायद्याने बंदी आली. या बंदीचे सारे श्रेय मालिकेला देणे भाबडेपणाचे होईल. पिशव्यांवरील आकार तेथे २०१५ सालीच लागू झाला होता आणि सौंदर्यप्रसाधनांतील प्लास्टिक-कणांवरील बंदीची तजवीजही मालिकेपूर्वीच चालू होती. फायली दफ्तरात होत्याच, दृश्यांनी त्या वर आणल्या. मला या प्रकरणाचा लागतो तो अर्थ असा की, दूरचित्रवाणी पाहणाऱ्याला जितकी बदलते त्याहून अधिक, तो पाहतो आहे हे ज्यांना दिसते त्यांना बदलते. मंत्र्याला स्वयंपाकघरात डोकावता येत नाही. पण कोट्यवधी मतदारांनी एकाच आठवड्यात एकाच काडीबद्दल हळहळ व्यक्त केली की ते त्याच्या कानांवर जाते, आणि मतदाराने स्वतःची पिशवी बदललेली नसली तरी मंत्री कायदा बदलतो.

आपल्या देशातील एक प्रकरण तर याहून बोलके आहे, आणि त्यात प्रेक्षकांच्या गर्दीचीही गरज पडली नाही. दूरदर्शनवरील ‘अर्थ मॅटर्स’ या मालिकेमुळे परिचित झालेले चित्रपटकार माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा लघुपट केला. विषय होता सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चालणारी व्हेल शार्कची शिकार. बारा मीटरांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक वाढणारा हा जगातील सर्वांत मोठा मासा. प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खाणारा, माणसाला कसलाही उपद्रव न देणारा. वेरावळच्या बाजूचे मच्छीमार त्याला गळाचा आकडा मारीत आणि त्या आकड्याला रिकामी पिंपे बांधून सोडीत; पिंपांमुळे त्याला खोल बुडी मारता येत नसे, आणि दमला की त्याला ओढत किनाऱ्यावर आणून जिवंतपणीच कापीत. या पिंपांवरूनच तेथे त्याला ‘बॅरल’ म्हणत. यकृताचे तेल होड्यांना पाणीरोधक लेप म्हणून लागे, आणि मांस परदेशी जाई. लघुपटात हे सारे दिसते. त्याला वन्यजीवपटांच्या जगातील मानाचा पांडा पुरस्कार मिळाला, सरकारदरबारी चर्चा झाली, आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाच्या पंक्तीत बसलेला हा पहिला मासा. पुढच्याच वर्षी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

पण कायदा दिल्लीत झाला होता आणि जाळे वेरावळच्या समुद्रात होते. ज्या मच्छीमाराच्या जाळ्यात हा प्रचंड मासा चुकून शिरतो त्याला मासा वाचवायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे हे त्याचे भांडवल. त्याचे मन वळवले ते २००४ पासून रामकथाकार मोरारीबापूंनी. हा मासा प्रसूतीसाठी गुजरातच्या किनाऱ्याला येतो, म्हणजे माहेरी आलेली ही लेक आहे, तिला मारू नका, असे त्यांनी सांगितले. गावोगावी त्यावर नाटुकली झाली. आणि त्याच्या जोडीला गुजरातच्या वनखात्याने कापलेल्या जाळ्याची नुकसानभरपाई देऊ केली. भावना आणि भरपाई ही दोन्ही एकाच वेळी दारी आली, तेव्हा मासे सुटू लागले. आजवर त्या किनाऱ्यावर शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतः जाळे कापून सोडले आहेत. लघुपटाने सरकार हलवले, मच्छीमाराला हलवण्यासाठी बापूंची वाणी आणि खजिन्यातला पैसा लागला. १९९१ च्या हुकुमात पाच-सात मिनिटांची तरतूद होती, तिच्या जोडीला जाळ्याची तरतूद नव्हती.

महाराष्ट्रानेही हा धडा उशिरा का होईना गिरवला. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की, संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला असता जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या द्वारे ती दिली जाते. व्हेल शार्क, डॉल्फिन, समुद्री कासवे यांची सुटका करून पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे मच्छीमार या योजनेखाली अर्ज करतात. अर्जासोबत पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे सुटकेची छायाचित्रे. सबब हलत्या होडीत एकजण जाळ्यावर कोयता चालवीत असताना दुसऱ्याने मोबाइल धरून उभे राहायचे, असा आता शिरस्ता पडला आहे. त्या चित्रणाला निवेदन नसते, संगीत नसते, आणि प्रेक्षकही बहुधा एकच असतो, तो म्हणजे रक्कम मंजूर करणारा अधिकारी.