करटुल्याचा वेल अंगणात

पावसाळा लागला की बुलडाण्याच्या बाजारात करटुली येतात आणि भाव ऐकून गिऱ्हाईक पाऊलभर मागे सरकतं. बोथ्याच्या घाटात किंवा तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला झुडपांत हात घालून, ओरखडे सोसून एकेक फळ तोडावं लागतं, हे ध्यानात घेतलं तर तो भाव काही जास्त नाही. तरी मनात येतंच, की हा वेल आपल्याच कुंपणावर का चढवू नये? कृषी विभाग 2020 पासून 9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाजी चाखून आलेल्या हौशी माणसाचं पहिलं काम म्हणजे खुरपं घेऊन टेकडी गाठणं. त्याला तिथेच अडवायला हवं.

आपल्याकडे रानभाजी म्हणतात त्यातली निम्मीअधिक कधी रानात राहिलीच नाही. तरोटा, कुंजर, केना, घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी या सगळ्या बांधावरच्या, उकिरड्याकडेच्या, निंदताना उपटायच्या आणि त्यातलाच कोवळा शेंडा ओटीत टाकून घरी न्यायच्या भाज्या. निंदणाऱ्या बाईची संध्याकाळची भाजी वावरातूनच निघायची. आता सोयाबीनमध्ये तणनाशकाचा पंप फिरतो आणि केना-कुंजर त्यात जळून जातात. या भाज्या कमी झाल्याचा दोष जंगलतोडीवर ढकलणं सोपं आहे, पण चिखली-मेहकरच्या शेतशिवारात तो बराचसा फवारणीचा आहे. म्हणून बांधावरची भाजी खुडायचीच असेल तर आधी शेतमालकाला विचारा, फवारा कधी मारला होता. उत्तर नीट मिळालं नाही तर हात लावू नका.

घरी लावायला सर्वांत सोपी घोळ. बाजारातून आणलेल्या जुडीतली चार जाड देठं ओल्या मातीत खोचली की आठवड्याभरात धरतात. ही क्षार सोसणारी वनस्पती आहे. त्यामुळे संग्रामपूर, शेगावच्या खारपाणपट्ट्यात जिथे कोथिंबीर नखरे करते, तिथेही घोळीचा प्रयोग करून पाहावा. हिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानेच खावी, इतरांनी उकळून पाणी ओतून द्यावं.

तरोट्याचं बी टणक. तसंच पेरलं तर अर्धं पुढच्या सालासाठी निजून राहतं. वाळूत चोळून, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मृगात टाकलं की दाट उगवतं. फूल येण्याआधी, रोप वीतभर असतानाच शेंडे खुडायचे, नंतर पाला कडवट आणि चामट होतो. तरोट्याचा आणखी एक गुण कमी लोकांना ठाऊक आहे. गाजरगवताला तो दाबून टाकतो. ज्या पडीक जागेत गाजरगवत माजलंय तिथे तरोट्याचं बी फेकावं, अशी शिफारस तणशास्त्रज्ञच करतात. भाजी मिळते आणि गवतही हटतं.

मात्र तरोटा ओळखूनच खुडा. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा पडीक जागेत शेजारी उभा असतो. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाला गोलसर, रात्री मिटणाऱ्या. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, चुरगळल्यावर उग्र वास. तरोट्याची शेंग बारीक आणि लांब, कासविंद्याची चपटी. हा फरक साधा वाटतो, पण पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या बाजूला दरवर्षी लहान मुलं दगावत होती. त्या मृत्यूंमागे कासविंद्याच्या बिया असल्याचं डॉक्टरांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं. तोवर तो आजार मेंदूज्वर समजला जात होता. अंगणात कासविंदा दिसला तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका.

आता करटुलं. हे खरं रानातलं, आणि हट्टीही. याचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो, जमिनीखाली कंद जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. म्हणून हौशी माणूस कंदच खणायला जातो. पण खणलेला कंद नराचा की मादीचा, हे वेल वाळल्यावर कुणालाच सांगता येत नाही. करटुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला फळ धरत नाही आणि एकट्या मादीलाही धरत नाही. टेकडीवरची फळणारी मादी खणून आणली तर पुढच्या पावसाळ्यात तोडणारीची एक जाळी रिकामी होते, आणि घरी नर नसेल तर तुमचीही.

रस्ता बियांचा. एका आळ्यात दोन-दोन, अशा सात-आठ बिया लावल्या तर त्यातले निम्म्याच्या आसपास नर निघतात. फुलं आली की निवड करायची. फुलं पिवळी, संध्याकाळी उमलणारी. मादीच्या पाकळ्यांमागे नखाएवढा काटेरी हिरवा गोळा आधीपासूनच असतो. नराला तो नसतो, बारीक देठावर टोपडं घातल्यासारखं एक हिरवं पान असतं. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे. बाकीचे काढा, पण शेवटचा नर कधीही काढू नका. गावात निशाचर पतंग कमी फिरतात, तेव्हा तिन्हीसांजेला नराचं ताजं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवावं. फळ धरतं. मांडव तारेचा किंवा काटक्यांचा, माती निचऱ्याची, मुरमाड असली तरी चालते. पाणी साचलं तर कंद सडतो. थंडीत पाणी बंद करायचं आणि मादीच्या बुडाशी खुंटी ठोकून खूण ठेवायची, नाहीतर उन्हाळ्यात वाफे खणताना फावडं कंदावरच बसतं.

तयार वाण हवा असेल त्यांच्यासाठी रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'इंदिरा कंकोडा-1' हा वाण काढलेला आहे. शेतात लावायचा तर तोच बरा. अंगणात मात्र आपल्या टेकड्यांचंच बी लावावं, असं माझं मत आहे. ते इथल्या पावसाला सरावलेलं असतं.

रानातून खणून आणायला कायद्याचीही आडकाठी आहे. ज्ञानगंगा अभयारण्य 205 चौरस किलोमीटरचं. तिथून किंवा अंबाबरवा अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उपटून आणणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. वनहक्क कायदा 2006 चा, त्याने गौण वनोपजावर हक्क दिला तो जंगलात राहणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांना. गाडी घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना दिलेला नाही. शतावरी, मुसळी यांची तर मुळंच काढावी लागतात. ती रोपवाटिकेतूनच घ्या.

बियांसाठी टेकडी चढायची गरजही नाही. हंगाम सरत आला की बाजारात करटुली विकणारीच्या पाटीत एखादं पिवळं-केशरी पडलेलं, उललेलं फळ बाजूला काढलेलं दिसतं. ते कुणी घेत नाही. पाव किलो करटुली तिच्याकडून घासाघीस न करता घ्या आणि ते पिकलेलं मागून आणा. लाल गर धुऊन बिया सावलीत वाळवा, कागदी पुडीत बांधून ठेवा. नव्या बिया लगेच रुजत नाहीत, त्यांना पाच-सहा महिने विसावा लागतोच. जूनमध्ये दिवसभर भिजवून पेरा.