फुटबॉलपटूंची पगारकपात: वाचलेला पैसा कुणाकडे जातो?

साथीच्या काळात सामने बंद पडले की व्यावसायिक फुटबॉल क्लबांचे उत्पन्न चहूबाजूंनी आटते. तिकीटविक्री थांबते, न झालेल्या सामन्यांचे पैसे दूरचित्रवाणी कंपन्या परत मागू शकतात आणि प्रायोजक हात आखडता घेतात. खर्च मात्र चालूच राहतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा खेळाडूंच्या पगाराचा असतो. हे पगार ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले असल्यामुळे ते कमी करायला खेळाडूची संमती लागते. २०२० मध्ये करोनाने युरोपातले फुटबॉल थांबवले, तेव्हा ही संमती खेळाडूंनी द्यावी की नाही, यावर मोठा वाद झाला.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग १३ मार्च २०२० रोजी स्थगित झाली. काही क्लबांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सरकारी ‘फर्लो’ योजनेत टाकले. या योजनेत घरी बसवलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २,५०० पाउंडांपर्यंत, सरकार देत असे. कोट्यधीश मालकांचे क्लब जनतेच्या पैशातून कर्मचाऱ्यांना पगार देतात आणि खेळाडूंचे पगार मात्र पूर्ण चालू राहतात, याचा लोकांना संताप आला. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम या क्लबांना निर्णय मागे घ्यावा लागला. २ एप्रिलला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी खेळाडूंनी पगार कमी घेऊन आपला वाटा उचलावा, असे जाहीरपणे म्हटले. दुसऱ्याच दिवशी क्लबांनी वार्षिक पगाराच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम कापण्याचे किंवा लांबणीवर टाकण्याचे सुचवले.

खेळाडूंच्या संघटनेने त्यावर करांचा हिशेब मांडला. ३० टक्के कपातीने खेळाडूंचे वर्षभरात ५० कोटी पाउंडांहून अधिक उत्पन्न बुडेल आणि सरकारला २० कोटींहून अधिक कर गमवावा लागेल, असे तिचे म्हणणे होते. ब्रिटनमध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्के असल्याने हा युक्तिवाद वजनदार होता. खेळाडूला मिळालेल्या पगारातला मोठा भाग करातून सरकारकडे, म्हणजे काही अंशी सार्वजनिक रुग्णालयांकडेच जातो. तोच पगार कापला तर पैसा क्लबकडे राहतो. रुग्णालयाला त्यातून आपोआप काही मिळत नाही.

म्हणूनच पगार सोडण्याच्या तीन पद्धती वेगवेगळ्या समजून घ्यायला हव्यात. कपातीत पैसा कायमचा क्लबकडे राहतो. लांबणीवर टाकलेला पगार हे क्लबला दिलेले कर्जच असते. देणगीत पैसा कुठे जावा हे खेळाडू ठरवतो. इंग्लंडच्या अनेक खेळाडूंनी तिसरी वाट धरली. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन याच्या पुढाकाराने ८ एप्रिलला ‘प्लेयर्स टुगेदर’ हा निधी उभा राहिला आणि त्यातली मदत राष्ट्रीय आरोग्य सेवेशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांकडे गेली.

इतर देशांत कपात झाली, पण तिचे हेतू वेगवेगळे होते. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या खेळाडूंनी आणीबाणीपुरती ७० टक्के कपात मान्य केली आणि क्लबच्या कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून जादा वाटाही उचलला. जर्मनीत बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंडच्या खेळाडूंनी पगाराचा काही भाग सोडला. स्वित्झर्लंडमधल्या सियाँ क्लबने मात्र कपात नाकारणाऱ्या नऊ खेळाडूंना थेट कामावरून काढले.

इटलीतले युव्हेंटसचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. चार महिन्यांचे पगार सोडल्याने सुमारे नऊ कोटी युरो वाचतील, असे क्लबने मार्च २०२० मध्ये जाहीर केले. प्रत्यक्षात बहुतेक रक्कम नंतर देण्याचे खासगी करार झाले होते, असा आरोप पुढे तपासात झाला आणि २०२३ मध्ये क्लबने क्रीडा न्यायव्यवस्थेपुढे तडजोड करून सुमारे ७ लाख १८ हजार युरोंचा दंड मान्य केला. कागदोपत्री दाखवलेला त्याग प्रत्यक्षात झाला की नाही, हे तपासणे किती आवश्यक असते ते यातून दिसते.

सर्व फुटबॉलपटूंना एकाच मापाने मोजणेही अन्यायाचे आहे. खालच्या श्रेणीतल्या खेळाडूचा पगार सामान्य नोकरदाराच्या जवळपास असतो, कारकीर्द छोटी असते आणि अनेकांचे करार ३० जूनलाच संपतात. मोठ्या क्लबातला तारा सहज सोडू शकेल ती रक्कम अशा खेळाडूच्या घरभाड्याची असू शकते.

श्रीमंत खेळाडूंनी संकटात वाटा उचलावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती अपेक्षा क्लबचे मालक, इतर धनाढ्य उद्योजक आणि मोठे भागधारक यांच्याकडूनही तितकीच हवी. कपात न्याय्य ठरण्यासाठी तिचे प्रमाण कमाईनुसार असावे, क्लबचे हिशेब खेळाडूंपुढे उघडे असावेत आणि वाचलेला पैसा कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी, छोट्या क्लबांसाठी किंवा आरोग्यसेवेसाठी खर्च होईल, अशी लेखी हमी असावी. ही हमी नसेल, तर लोकांसाठी म्हणून केलेला त्याग मालकाच्या ताळेबंदात जिरून जातो.