पिरॅमिड सारखे, पण नाते कुठे?

कैरोजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये खुले झाले आणि तुतनखामेनच्या थडग्यातला जवळपास सारा ऐवज पहिल्यांदाच एकत्र मांडला गेला. इजिप्त असे चर्चेत आले की एक जुना दावाही डोके वर काढतो. इजिप्तचे आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचे पिरॅमिड सारखे, म्हणजे बांधणारेही एकच! मग कुणी बुडालेल्या खंडाचे नाव घेतो, कुणी परग्रहवासीयांचे.

सारखेपणा आहेच. दगड उंच रचायचे तर तळ रुंद आणि माथा निमुळता ठेवावाच लागतो, नाईल असो की ग्वातेमालाचे जंगल. पण इजिप्तच्या खुफू राजाचा १४६ मीटरचा पिरॅमिड इसवी सनपूर्व २६व्या शतकातला, तर तिकाल या माया शहरातले ‘मंदिर क्र. १’ इसवी सनाच्या ८व्या शतकातले. मध्ये ३ हजारांहून अधिक वर्षे गेली. खुफूच्या पिरॅमिडवर कुणी चढावे अशी अपेक्षाच नव्हती. माया पिरॅमिडला जिना, कारण देऊळ माथ्यावर. पालेंके या माया शहरात मात्र १९५२ मध्ये मंदिराच्या पोटात पकाल राजाचे थडगे निघाले, त्यामुळे ‘इकडे थडगी, तिकडे देवळे’ ही सोपी वाटणीही टिकत नाही. दोघांचे वर्ष ३६५ दिवसांचे. इजिप्तने ते ३० दिवसांच्या १२ महिन्यांत बसवले, मायांनी २० दिवसांच्या १८ महिन्यांत, आणि दोघांनीही उरलेले पाच दिवस शेवटी जोडले. सूर्य एकच असल्यावर दुसरे काय होणार? मायांकडे शून्य होते, इजिप्तच्या अंकलेखनाला त्याची गरज पडली नाही.

दोन संस्कृतींची खरीच गाठ पडली तर मागे काय उरते, हे पाहायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही. रोमन अमलातल्या इजिप्तचे तांबड्या समुद्रावरचे बंदर बेरेनिके. तिथे स्टीव्हन साइडबोथम आणि सहकाऱ्यांच्या उत्खननात भारतीय बनावटीचा एक रांजण निघाला, त्यात सुमारे साडेसात किलो काळी मिरी. मिरी मलबारची, पण बेरेनिकेच्या ताज्या शोधांत सातवाहनांची दोन नाणीही आहेत, म्हणजे आपल्याच मुलखातल्या राजांची. शिवाय सागवानी लाकूड, संस्कृत लेख आणि संगमरवरी बुद्धमूर्ती. त्याच काळातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही बंदरे नावानिशी येतात. त्याआधी अशोकाने इजिप्तच्या टॉलेमी राजाचे नाव शिलालेखात कोरलेच होते.

सांडलेला माल, हरवलेली नाणी, परक्या भूमीत कोरलेले लेख: संपर्काची खूण अशी असते. इजिप्त आणि माया यांच्यात यातले काहीही सापडलेले नाही. ना गहू तिकडे गेला, ना मका इकडे आला. ‘एकच गुरू’ या कल्पनेने मायांवर अन्यायही होतो. धातूच्या अवजारांवाचून आणि ओझ्याच्या जनावरांवाचून त्यांनी हे उभारले. त्यांचे वंशज आजही ग्वातेमालात आणि मेक्सिकोत लाखोंनी आहेत, आपल्या भाषा बोलत आहेत. पूर्वजांचे श्रेय परग्रहाला देताना हे लक्षात ठेवायला हवे.

सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेला करंडक एशियाटिक सोसायटीकडे. गिरगाव-दादरहून फोर्ट कितीसे लांब? पुढच्या रविवारी मुलांना घेऊन संग्रहालयात जा आणि अशोकाच्या लेखाचा तो दगड दाखवा.