घरचे गारेगार पन्हे

चैत्र लागला की आमच्या भिवंडीत ऊन मी म्हणू लागते. मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. वरून पत्रा तापतो, खाली यंत्रे तापतात आणि मधल्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. गोदामात ओझी वाहणारे, शेतात राब भाजणारे, चुलीपुढे बसणाऱ्या बाया, सगळ्यांचाच जीव कासावीस होतो. अशा वेळी रस्त्यावर घंटी वाजते. "गारेगाऽर!" अशी हाक येते. पोरे आईचा पदर ओढू लागतात.

पोरांचे काही चुकत नाही. उन्हाळ्यात गार कोणाला नको असते? पण मंडळी, एक प्रश्न आपण विचारीत नाही. तो बर्फ कुठल्या पाण्याचा?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. माझ्या शाळेत सातवीत एक चुणचुणीत मुलगा होता. वडील मागावर कामाला. मधली सुटी झाली की हा फाटकाबाहेर जाऊन बर्फाचा गोळा खाई. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि मुलगा तापाने पडला. चार दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ! परीक्षा बुडाली. वडिलांचे खाडे पडले. गाठीला बांधलेले पैसे औषधपाण्यात गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्याची आई म्हणाली, "गुरुजी, गोळ्याला रोज मीच पैसे देत होते हो."

त्या माउलीला मी काय सांगणार? कावीळ गोळ्यानेच झाली, असे कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पिण्याचे पाणीही खराब असू शकते. पण त्या फाटकातून मी रोज ये-जा करीत होतो. बर्फ कुठून येतो, हे मीही कधी विचारले नाही. तेवढी चूक माझी होती.

थंडीने जंतू मरत नाहीत

पुष्कळांना वाटते, बर्फ म्हणजे स्वच्छ. काचेसारखा लखलखीत दिसतो, त्यात कसली घाण? पण बर्फ म्हणजे गोठलेले पाणी, दुसरे काही नाही. पाणी घाण असेल तर बर्फही घाणच. पाणी उकळले की रोगाचे जंतू मरतात. पाणी गोठवले की त्यातले बरेच जंतू नुसते गारठून बसतात. बर्फ वितळला की ते पुन्हा जागे होतात. विषमज्वर, पटकी, हगवण हे रोग असेच पाण्यातून पसरतात. काविळीची एक जातही अशीच पसरते.

शिवाय सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी ताजी ठेवायला वेगळा बर्फ लागतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. दोन्ही बर्फ दिसायला सारखेच. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला, की जो बर्फ खाण्यासाठी नाही त्यात निळा रंग घालावा. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर तो तोंडात घालू नका. पण पांढरा आहे म्हणून डोळे मिटून विश्वासही ठेवू नका.

मग पोरांनी गार खायचेच नाही की काय? तसे मुळीच नाही. सरबतात बाहेरचा बर्फ घालू नये. घरच्या उकळलेल्या पाण्याचे सरबत करावे आणि ते सरबतच गोठवावे. एवढाच या लेखाचा सार आहे.

बर्फ आता आवाक्यात

आपल्याच तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला जमिनीतून कढत पाणी येते. सरपण लागत नाही, चूल लागत नाही. बर्फाचे मात्र तसे नाही. तो आपल्या भागात कुठेच आपोआप होत नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहराहून बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आला होता. तिकडे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून तो कापीत आणि भुशात गुंडाळून पाठवीत. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. तो अर्थात साहेब लोकांसाठी आणि धनिकांसाठी होता. आज तोच गारवा आपल्याला घरात करता येतो.

पन्ह्याची कृती

फळ आपल्या दाराशीच आहे. कैरी घ्या. पाडाला आलेली नको, चांगली करकरीत आंबट हवी.

चार मध्यम कैऱ्या धुऊन मऊ होईपर्यंत उकडाव्या. निवल्यावर साल काढून गर कुस्करावा आणि गाळून घ्यावा. एक वाटी गर झाला तर दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ घ्यावा. अर्धा चमचा मीठ आणि पाच-सहा वेलदोड्यांची पूड घालावी. गूळ पूर्ण विरघळू द्यावा. गुळात खडा-कचरा असतो, तेव्हा पुन्हा एकदा गाळावे.

आता पाणी. खळखळ उकळी आल्यावर पाणी आणखी काही मिनिटे उकळू द्यावे. मग झाकून गार करावे. असे पाच वाट्या पाणी गरात मिसळावे. पन्हे तयार झाले. चाखून पाहा. नेहमीपेक्षा थोडे गोड लागले पाहिजे, कारण थंडगार जिभेला गोडी कमी कळते.

एक सूचना. आंबट पदार्थ पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये. तो कळकतो आणि अपाय होतो. स्टीलचे भांडे घ्यावे.

फ्रीज असेल तर

ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी पन्हे पसरट डब्यात ओतून बर्फाच्या खणात ठेवावे. झाकण लावावे. डबा काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना फुगते. दहा भाग पाण्याचा साधारण अकरा भाग बर्फ होतो. म्हणूनच काचेची भरलेली बाटली त्या खणात फुटते.

दीड तासाने डबा काढा. कडेला बर्फ धरलेला दिसेल. तो स्वच्छ चमच्याने खरवडून मध्ये मिसळा. पुन्हा ठेवा. मग दर अर्ध्या-पाऊण तासाने असेच करा. तीन-चार तासांत बारीक रव्यासारखे गोठलेले पन्हे तयार होते. ढवळले नाही तर त्याचा एकच ढेकूळ बनतो. गूळ कमी पडला तर तो ढेकूळ दगडासारखा होतो. गुळामुळे पाणी उशिरा आणि मऊ गोठते.

फ्रीज नसेल तर

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे फ्रीज कुठला?" त्यालाही तोड आहे. आईस्क्रीमचा पॉट तुम्ही लग्नाकार्यात पाहिला असेल. हीच ती युक्ती.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. त्यात पाऊण डबा पन्हे भरा. डबा एका बादलीत ठेवा. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. बादलीत डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ यांचे थर द्या. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. लिटरभर पन्ह्याला तीन किलो बर्फ आणि एक किलो मीठ पुरते. डब्याचे झाकण बर्फाच्या वर राहिले पाहिजे. डबा हाताने गोल फिरवीत राहा आणि मधून मधून पन्हे खरवडा. तासाभरात ते गोठू लागेल.

मिठाने थंडी कशी वाढते? माठाची आठवण करा. माठाचे पाणी पाझरते आणि वाळते. वाळताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. येथेही तसेच आहे. मीठ लागले की बर्फ भराभर वितळू लागतो. वितळायला त्याला उष्णता लागते. ती तो स्वतःतून आणि डब्यातून ओढून घेतो. साधा वितळता बर्फ शून्य अंश सेल्सिअस असतो. मीठ घातले की तो शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश उतरू शकतो. म्हणून त्यात उघडा हात घालू नका. चामडी भाजल्यासारखी होते.

येथे बर्फ बाहेरून आणला तरी चालतो, कारण तो पन्ह्याला शिवत नाही. मात्र झाकण उघडण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. खारे पाणी आत जाता कामा नये. आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका. झाडे मरतील.

चार गोष्टी ध्यानात ठेवा

हात आणि भांडी साबणाने धुवावी. वीज बराच वेळ गेली आणि पन्हे वितळून कोमट झाले, तर ते पुन्हा गोठवू नये. टाकून द्यावे. मधुमेह असलेल्या माणसाने गूळ पाहून बेताने घ्यावे. उन्हातून आलेल्याला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, तर पन्ह्यावर विसंबू नये. त्याला सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

कैरी संपली की हीच रीत कोकमाला, कलिंगडाला, जांभळाला लावा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण पन्हे देतो. उन्हाळ्यात रमजान आला तर इफ्तारला सरबत लागतेच. दोन्ही घरी पाणी उकळलेले असले म्हणजे झाले.

गाडीवाल्यावर माझा राग नाही. तोही उन्हात पोटासाठीच फिरतो. पण आपल्या पोराच्या पोटात काय जाते, हे पाहणे आपले काम आहे. आता तुम्हाला वाचता येते, लिहिता येते. ही कृती वहीत स्वतःच्या हाताने उतरून घ्या. जिला अजून वाचता येत नाही अशा शेजारणीला ती वाचून दाखवा. आणि यंदा पोरांनी पदर ओढला, की त्यांच्या हातात घरचे गारेगार ठेवा.