काळोख्या अद्भुतकथा आणि भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने निर्णय घेतो, सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि अनिश्चित कृतींचे यशापयश फाशांवर ठरते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये या प्रकाराचा पाया घातला. १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेतील ‘अपेंडिक्स एन’ या परिशिष्टात गायगॅक्स यांनी आपल्या प्रेरणास्थानांची यादी दिली असून, तीत काळोख्या अद्भुतकथांचे, म्हणजे जादू आणि भय एकत्र नांदणाऱ्या कथांचे, अनेक लेखक आढळतात.

त्यांपैकी जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) मधील जादूगाराच्या मनात मोजकेच मंत्र मावतात आणि उच्चारताच ते स्मृतीतून पुसले जातात. हीच कल्पना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील मंत्रपाठाचा नियम बनली. मायकल मूरकॉक यांचा दुर्बळ सम्राट एल्रिक आपल्या तलवारीकडून बळ मिळवतो, परंतु ती तलवार बळींचे आत्मे गिळते आणि त्याच्या आप्तांनाही सोडत नाही. तिच्याच नावाचा ‘स्टॉर्मब्रिंगर’ हा खेळ १९८१ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने लव्हक्राफ्ट यांच्या कथांतील भयाला मनःस्वास्थ्याच्या गुणांचे रूप दिले; भीषण सत्य दिसले की हे गुण घटू शकतात.

अशा कथांतून सूत्रधाराने राक्षसांच्या वर्णनांआधी सामर्थ्याची किंमत उचलावी, कारण खेळाडूच्या निवडीला खरे वजन तिनेच येते.